चाळीस योद्धे आणि उजवी बाजू

भविष्यकाळातल्या चाळीस अंतराळयोद्ध्यांचे झगे शिवून झाले, तेव्हा टेलरबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. सिनेमाचं हे त्यांचं पहिलंच काम. शेवटच्या नामावलीत त्यांचं नाव येणार होतं आणि बहिणीला त्यांनी ते आधीच सांगून टाकलं होतं.

सेटवर आल्यापासून मात्र त्यांना एक प्रश्न छळत होता. "तीनशे वर्षांनी सगळे जपानी झगे का घालणार?" त्यांनी दिग्दर्शकांना विचारलं.

"भविष्य तसंच असतं हो, बाई. धुकं, झगमगत्या पाट्या, पाट्यांवर जपानी अक्षरं. लोक लगेच ओळखतात."

"आणि लेझर असताना तलवारी?"

"तुम्ही शिवा."

अक्षरं तपासायला जपानी शिकवणाऱ्या एक मॅडम आल्या होत्या. पाट्या पाहून त्यांनी मान डोलावली. मग योद्धे पाहिले आणि त्यांचा हात तोंडावर गेला.

"हे सगळे वारलेत का?"

"काय?"

"जपानात झग्याची डावी बाजू वर घेतात. उजवी वर असते ती फक्त मृतांची."

टेलरबाईंनी जवळच्या झग्याची कड चाचपून पाहिली. तीस वर्षं त्यांनी बायकांचे ब्लाउज शिवले होते, उजवी बाजू वर. डोकं कुठेही असो, हात आपली वाट सोडत नव्हते. आता झगे उलटे बांधावेत, तर उजव्या बाजूवरचा भरतकामाचा तारा आत दडत होता.

"नामावलीतून यांचं नाव काढा!" दिग्दर्शक कडाडले.

"थांबा जरा," टेलरबाई म्हणाल्या. "आरशात बघितलं की डावी बाजू वर दिसते. चित्र तसं उलटवता येतं का?"

"एका बटणाचं काम," कॅमेरामन म्हणाला.

"मग पाट्यांवरची अक्षरं?" मॅडमनी विचारलं.

सव्विसावी पाटी रंगवून शिडी उतरणारे पेंटरदादा मधल्याच पायरीवर थबकले. "मी कुणाचं काय घोडं मारलंय?"

पाट्या उलट्या रंगवायच्या ठरल्या. मग लक्षात आलं, तलवारीही डाव्या हातात हव्यात. नायक तीन महिने उजव्या हाताने सराव करत होता आणि रोज स्वतःचीच बाही फाडत होता. त्याने तलवार डाव्या हातात घेतली आणि असा काही वार केला, की दिग्दर्शकांच्या कपातला चहा सांडला.

"अरे, हे कुठे लपवलं होतंस?"

"मी डावखुराच आहे, सर. तुम्ही उजवा हात म्हणालात, म्हणून..."

तीन दिवस काम झकास चाललं. पडद्यावर योद्धे जिवंत, अक्षरं सरळ, तलवारी उजव्या हातात. चौथ्या दिवशी शेवटचं दृश्य होतं: चाळीसही योद्धे धारातीर्थी पडलेत, अंत्यविधीसाठी ओळीने निजवलेत. कॅमेरामनचा हात बटणाकडे गेला आणि मॅडम खाकरल्या.

"आता उजवीच बाजू वर हवी."

सगळे टेलरबाईंकडे बघायला लागले. झगे होते तसेच, टाका न् टाका बरोबर होते.

"हे दृश्य सरळच घ्या," दिग्दर्शक म्हणाले, "आणि बाईंचं नाव ठळक टाका." मग त्यांची नजर मागे गेली. "पाट्या तेवढ्या पुन्हा सरळ कराव्या लागतील. पेंटरदादा? अहो पेंटरदादा!"

शिडी रिकामी होती. टेलरबाईंनी निजलेल्यांची ओळ मोजली. एकेचाळीस भरले. शेवटच्याच्या छातीवर ब्रश होता.