ज्येष्ठतेनुसार मासे

खाऱ्या पाण्याची काचेची टाकी घरात आणायचं हेडक्लार्कनी जेवता जेवता ठरवलं आणि बायकोनं, आश्चर्य म्हणजे, लगेच मान डोलावली. तिची अट एकच होती. "नारिंगी माशांची एक जोडी मला हवी. ती जगली नाही, तर टाकी दुसऱ्या दिवशी दुकानात परत!"

हेडक्लार्क हसले. अख्खी हयात आस्थापना विभागात ज्येष्ठतेच्या याद्या करण्यात गेलेली. चार मासे सांभाळणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. (आपल्या विभागात कधी भांडण झालं नाही, असं ते सांगत. त्यांच्यासमोर झालं नाही, इतकंच खरं.)

महिनाभर टाकीत मीठ, पाणी, दगड सगळं नीट मुरल्यावर ते दुकानात गेले.

"या निळ्याची नेमणूक कधीची?"

"नेमणूक?" दुकानदार गडबडला.

"म्हणजे दुकानात कधी आला?"

"अकरा महिने झाले, साहेब. कोणी नेतच नाही."

"आणि ही नारिंगी जोडी?"

"परवाची. पण साहेब, निळा नकोच. अंगठ्याएवढा आहे, पण महाभांडकुदळ. घ्यायचाच तर सगळ्यांत शेवटी सोडा. आधी जाईल तो टाकीचा मालक होऊन बसतो."

"अकरा महिन्यांची सर्व्हिस आणि शेवटी?" हेडक्लार्कना हा अन्याय सहन होईना. "उद्या कोर्टात गेला म्हणजे?"

तेव्हा ज्येष्ठतेनुसार निळा आधी रुजू झाला. जोडी दहा दिवसांनी आली. तोवर निळ्यानं एकूण एक दगड बळकावला होता. जोडी पाण्यात पडते न पडते तोच तो असा अंगावर धावला, की दोघंही पंपाच्या मागे जाऊन दडली.

"अहो, दोन दिवस झाले, ती काही खात नाहीयेत."

"रुळतील गं. नवीन जागा आहे."

"कालही हेच म्हणालात!"

शेवटी निळ्याला समज द्यायला हेडक्लार्कनी पाण्यात बोट घातलं. निळा बोटाला चावला. (तीस वर्षांच्या नोकरीत असा उद्धट कर्मचारी त्यांनी पाहिला नव्हता.) पण खरं दुखलं ते वेगळंच. ते दोन इवलेसे जीव पंपाला चिकटून बसले होते, बायको काचेपाशी रडवेली होऊन उभी होती, आणि हे सगळं आपल्याच शहाणपणानं झालंय, हे त्यांना फार लागलं. त्यांनी गुपचूप दुकानदाराला फोन लावला.

दुकानदार म्हणाला, "निळ्याला बाहेर काढा. टाकीतलंच पाणी घेऊन चार दिवस बादलीत ठेवा, हवेचा पंप लावून. तोवर आतले दगड सगळे इकडचे तिकडे करा. मग सोडा. जागा ओळखीची राहिली नाही की तोही नवाच. दादागिरी विसरतो बघा."

दीड तास निळा या दगडाखालून त्या दगडाखाली पळत होता. फरशीवर तळं साचलं, हेडक्लार्कचा सदरा कोपरापर्यंत भिजला, आणि अखेर बायकोनं पिठाच्या चाळणीत त्याला एका झटक्यात उचललं.

दुसऱ्याच दिवशी हेडक्लार्क चार दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी गेले. दगड का हलवायचे हे दुकानदाराच्या शब्दांत समजावून ते काम त्यांनी बायकोकडे सोपवलं. तिसऱ्या संध्याकाळी तिचा फोन आला, "अहो, जेवली हो दोघं!" हे त्यांनी अख्ख्या वसतिगृहाला ओरडून सांगितलं.

परतले ते थेट टाकीपाशी. जोडी मधोमध ऐटीत फिरत होती. सकाळीच सोडलेला निळा खालच्या कोपऱ्यात अंग चोरून, सगळ्यांना वाट देत पोहत होता. हेडक्लार्कना भरून आलं. समाधानानं ते खुर्चीत बसायला वळले.

खुर्ची तिथे नव्हती. ती खिडकीपाशी गेली होती आणि तिच्यावर बायकोची पुस्तकं होती. टीव्ही आतल्या खोलीत, टेबल दाराशी, वर्तमानपत्रं कुठे तेच कळेना. बॅग हातात धरून ते स्वतःच्याच घरात पाच मिनिटं उभे राहिले आणि लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच त्यांनी हळूच विचारलं, "अगं, मी कुठे बसू?"

"बसा ना," तिनं टाकीजवळचं स्टूल दाखवलं. ते बसले. खरं तर तिथून मासे फारच छान दिसत होते.

तेवढ्यात निळ्याची चौकशी करायला दुकानदाराचा फोन आला.

"हो, दादा," बायको म्हणाली, "दोघेही एकदम शांत झालेत."