जबड्याखालचा हात

बदली होऊन मी आर्वीत राहायला आलो, त्याच दिवशी शेजारचे वानखडे डॉक्टर फाटकात आले. नाव-गाव न विचारता त्यांनी माझ्या हनुवटीखाली हात घातला, दोन बोटांनी दाबून पाहिलं आणि म्हणाले, "सूज नाई. राहा."

डॉक्टर ढोरांचे; आता निवृत्त. गाई-म्हशींच्या यकृतात पानासारखा चपटा पर्णकृमी ठाण मांडतो. मग जनावराचं रक्त आटतं आणि जबड्याखाली पाण्याची सूज लोंबते. ती चाचपण्यात उमर गेल्यामुळे डॉक्टरांचा हात दिसेल त्या जबड्याखाली जातो. एका लग्नात ते आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि नवरदेवालाच तपासून आले. तो फोटो अल्बममध्ये आहे. नवरदेव गोऱ्ह्यासारखा मान वर करून उभा आहे.

"चोर परवडला, मास्तर," ते मला सांगतात. "चोर आला तं कुत्रं भुंकते. हा पर्णकृमी जावयावानी येते. आंगातले पहारेकरी लाठ्या टाकून त्याच्या सरबराईले लागतेत. मंग दुसरा रोग घुसला तं त्याले अडवाले कोणी जागं नाई. अन् लस टोचली, तं तिचं आयकते कोण?"

हे त्यांनी लेकीच्या साखरपुड्यात, होणाऱ्या जावयाच्या शेजारी बसून सगळ्या पंगतीला समजावलं होतं म्हणे. जावयानं हातातली जिलेबी खाली ठेवली.

म्हणून त्यांचा एकच मंत्र, "आधी जंत, मंग लस." जंताचं औषध न पाजता जनावर लसीला आणलं तर मालकाची खैर नसे. निवृत्तीनंतर हा मंत्र माणसांवर सुटला. मुलीसाठी गणिताची चांगली शिकवणी कुठं आहे, हे मी विचारायला गेलो, तर त्यांनी तिचा मोबाइल काढून घेतला. आधी जंत!

पाहुण्यांवर त्यांचा विशेष राग. आमच्याकडे कुणी दोन दिवसांच्या वर टेकला, की कुंपणावरून कुजबुज येते, "यकृतात पोचला, मास्तर."

बायको गेल्यापासून डॉक्टर एकटेच. सोबतीला चांदी नावाची गवळाऊ जातीची पांढरी गाय. ती ठणठणीत आहे, तरी रोज संध्याकाळी तिच्या जबड्याखाली बराच वेळ हात फिरत असतो.

परवाच्या दिवाळीत पुण्याहून त्यांची मुलगी सुषमा आली. चांगली आठवडाभर राहिली, पण यकृताचं एकदाही नाव निघालं नाही. जायच्या सकाळी तिला बस स्टँडवर सोडायला मी गाडी काढली, तेव्हा ती गोठ्यापाशी उभी होती.

"बाबा, चला ना माह्यासंगं. चांदीले मास्तर पाहतीन. तुमच्या जावयानंच सांगितलं, बाबाले घेऊनच येजो."

"काऊन? मले इथं काय झालं?"

"काही व्हायच्या आंधीच चला."

डॉक्टर चारा टाकत राहिले. मग गाईकडेच पाहत म्हणाले, "जावई भला माणूस आहे. तोंडातून शब्द काढनार नाई, सरबराई करन. तेच तं म्हन्तो. मले तुमच्या घरातला पर्णकृमी नाई व्हाचं, बाई."

या गोष्टीवर मी आजवर किती हसलो होतो! त्या दिवशी हसू आलं नाही. सुषमा बॅग उचलून गाडीत मागं बसली, डॉक्टर माझ्या शेजारी.

स्टँडवर वर्ध्याची बस लागलेली होती. सुषमा पाया पडून उठली आणि डॉक्टरांचा हात तिच्या हनुवटीखाली गेला. बोटांनी दाबलं वगैरे काही नाही. हात नुसता तिथंच राहिला. कंडक्टरनं घंटी मारली.

"सूज नाई," ते म्हणाले. "जाय."

आम्ही परतलो. घराच्या फाटकाशी डॉक्टर थांबले आणि माझ्यासमोर मान वर केली.

"मास्तर, हात लावून पाहा बरं. गळ्यापाशी काईतरी दाटून राह्यलं."

त्यांच्या जबड्याखाली मी पहिल्यांदाच हात घातला. सूज नव्हती. दाढीचे पांढरे खुंट ओले होते. मला फार वाईट वाटलं.

"आहे थोडी," मी म्हणालो. "उद्या येऊन पुन्हा पाहतो."

"येजा," डॉक्टर म्हणाले. "अन् घाईनं नोका येऊ. बसाले येजा."