धोंडूआज्याची पाचर

एका जंगलात, बाळांनो, धोंडूआजा नावाचं म्हातारं अस्वल राहायचं. त्याच्या जुन्या हातोड्याचं डोकं सैल झालं होतं. घाव घातला की ते दांड्यावर असं डुलायचं, जणू वरातीतला नवरदेव.

नातीचं बारसं दोन दिवसांवर आलं होतं. पाळण्याचे चारच खिळे ठोकायचे राहिले होते.

आज्यानं बाभळीची पातळशी पाचर तासली. दांड्याच्या टोकाला ती ठोकणार, तोच पिंपळ्या वानर झाडावरून टपकला. तो राजाचा मुकादम.

"थांबा, आजा! आधी पाहणी, मग दुरुस्ती."

"अरे, एवढीशी पाचर. तू शेपूट आवरेस्तोवर होईल."

"मग समितीनं काय करायचं?"

समिती आली. कोल्ह्यानं हातोडा हलवला. "डुलतो." रानडुकरानं हलवला. "डुलतोच." हत्तीनं सोंडेत धरून गरागरा फिरवला. हातोडा सुटला, तो दांड्यासकट डबक्यात. डुबुक!

सगळे गाळात उतरले. कोल्ह्याला खेकडा चावला. हत्ती रुतला. त्याला ओढता ओढता रानडुक्कर त्याच्याखाली गेलं. बेडकांची हसून हसून पोटं दुखली.

दुसऱ्या दिवशी हातोडा सापडला. आणि काय! डोकं अगदी घट्ट!

"समितीनं करून दाखवलं!" पिंपळ्यानं कोलांटी मारली.

आजा हळूच म्हणाला, "लाकूड पाणी प्यालंय रे, म्हणून फुगलंय. वाळलं की पुन्हा..."

"आजा, शुभ बोला!"

बारशाच्या दिवशी सकाळपासून समितीचा सत्कार. हातोडा पाटावर, हार घालून, भर उन्हात. भाषणांवर भाषणं. आजा मागच्या रांगेत बसला होता. मुठीत पाचर, आणि कानात सुनेचं बोलणं, "मामंजी, पाळणाच नाही तर पोरीला घालायचं कशात?"

दुपारी सिंहमहाराजांनी खिळा ठोकायला हातोडा उगारला. डोकं निसटलं. पिंपळ्याचा फेटा उडवत, हत्तीच्या कानाला वारा घालत, ते धपकन आज्याच्या पायाशी पडलं.

सगळे फेट्यामागे धावले.

आज्यानं डोकं उचललं. दांड्यात बसवलं. पाचर लावली. टक्, टक्, टक्. झालं.

संध्याकाळी नात पाळण्यात निजली. आज्यानं दोरी ओढली. पाळणा जरासुद्धा कुरकुरला नाही.

समिती मात्र उदास झाली. ती दुसरा सैल हातोडा शोधायला निघाली.

तात्पर्य: बाळांनो, चुकूनही पाचर मारू नका. पाचर मारली की काम एकदाच होतं, आणि कुणाला कळतसुद्धा नाही. हातोडा डबक्यात बुडवून ठेवला, तर दर आठवड्याला सत्कार होतो.