न आलेल्या रेकॉर्डला साडेचार तारे

नव्या संगीताच्या रेकॉर्डी शुक्रवारी सकाळी बाहेर येतात आणि त्यांच्याविषयीची मतं गुरुवारी संध्याकाळपर्यंत तयार असावी लागतात. यात गैर काहीच नाही. मत उशिरा आलं तर त्याला कुणी विचारत नाही. गाणं मात्र माणूस पुढच्या वर्षीही ऐकू शकतो, आणि नाही ऐकलं तरी त्याचं काही अडत नाही. म्हणून ज्या संस्थेत अल्टरनेटिव्ह आणि मेटल या दोन प्रकारांतल्या ताज्या रेकॉर्डींवर मतं तयार होत, तिथे बुधवारी लिखाण, गुरुवारी तारे आणि शुक्रवारी वाद अशी छान घडी बसलेली होती. ऐकण्यासाठी पूर्वी सोमवार राखून ठेवलेला असे. पुढे तो कर्मचाऱ्यांना जादा सुट्टी म्हणून देण्यात आला आणि कुणाचीही तक्रार आली नाही.

या संस्थेत ती मतप्रमुख होती. खिडकीजवळचं टेबल, मान दुखू नये म्हणून उंच पाठीची खुर्ची, आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला संस्थेचा हेडफोन. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून तिने घरून एक जुनी उशीची खोळ आणून घातली होती. ती कामाला चोख होती. रेकॉर्ड लांबलचक असली की 'महत्त्वाकांक्षी', आखूड असली की 'नेमकी', आणि कमी पैशांत केलेली असली की 'प्रामाणिक'. फोटोत मंडळींनी काळे कपडे घातले असतील तर ते मेटल, विटके घातले असतील तर अल्टरनेटिव्ह. काहींनी काळे आणि काहींनी विटके घातले असतील तर 'सीमारेषा पुसणारी निर्मिती'. चूक निघायला जागाच नव्हती.

एके काळी ती ऐकत असे, हे खोटं नाही. कॉलेजात असताना कॅसेटची फीत बाहेर आली की पेन्सिल घालून ती गोल गोल गुंडाळायची, बहिणीला इअरफोनचं एक बोंड द्यायचं आणि आई हाका मारून थकेपर्यंत दोघींनी जिन्यात बसून राहायचं, असे तिचे दिवस गेले होते. नोकरीला लागल्यावर पहिली रेकॉर्ड तिने आठवडाभर ऐकली, झोपेतही ऐकली, आणि मग लेख लिहिला. लेख चांगला होता. तो छापून आल्यावर एकच पत्र आलं. त्यात एकच ओळ होती : 'तुम्ही अजून तीच ऐकताय?' त्यानंतर तिने तसली चूक पुन्हा केली नाही.

अशा या मतप्रमुखाची मुलगी ड्रम्स वाजवायची. घरात तिला 'धडाम' म्हणत. धडाम आणि तिच्या तिघा मित्रमैत्रिणींचं पथक होतं, त्याचं नाव 'गंजलेली बिजागरी'. दोन वर्षं गॅरेजात घाम गाळून त्यांनी पहिली रेकॉर्ड केली. नाव ठेवलं 'तळमजला'. ती येत्या शुक्रवारच्या यादीत लागली, तेव्हा मतप्रमुखाने नियमाला धरून संचालकांकडे जाऊन सांगितलं, "सर, यात माझी मुलगी आहे. माझा हितसंबंध येतो."

संचालकांनी चष्मा काढला. "तुम्ही रेकॉर्ड ऐकली आहे का?"

"नाही."

"घरात सराव चालतो तेव्हा?"

"मी दार लावून घेते. मतं लिहायची असतात ना."

"मग कसला हितसंबंध, बाई? नातं फक्त रक्ताचंच आहे. ऐकलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. ऐकलेला माणूस रेकॉर्डच्या प्रभावाखाली येतो, मग तो निःपक्षपाती कसा राहणार? तुम्ही खुशाल लिहा."

तिने लिहिलं. 'प्रामाणिक, निर्दयी, तरीही अंतर्मुख' असं लिहिलं. आपलंच मूल म्हणून झुकतं माप द्यायचं नाही या हट्टापायी 'धाडस किंचित कमी' असंही लिहिलं. मग कागद तारे विभागात गेला. तिथला तारेवाला हा वृत्तीने हिशेबनीस. तो म्हणाला, "बाई, पदार्पणाला आपण तीन देतो. पण या महिन्याचे एका रेकॉर्डपुरते साडेचार तारे पडून आहेत. कुणालाच दिलेले नाहीत. महिना संपला की ते रद्द होतात, आणि पुढच्या वर्षी वरून ताऱ्यांचा कोटाच कमी होतो. तुमच्या पोरीला देऊन टाकू का?"

"वशिला दिसेल हो."

"दिसू दे. कोटा कमी झालेला त्याहून वाईट दिसतो."

अशा रीतीने 'तळमजला'ला साडेचार तारे मिळाले.

त्याच गुरुवारी संध्याकाळी गॅरेजात गिटारवाल्याचं आणि धडामचं तिसऱ्या गाण्यावरून वाजलं. तो म्हणाला, ड्रम्स फार पुढे येतात. ती म्हणाली, तू फार मागे राहतोस. दोघांनाही थोडं थोडं पटलं, पण ते कबूल करायला कुणी तयार होईना. शेवटी ठरलं, की तिसरं गाणं पुन्हा करायचं आणि तोवर रेकॉर्ड काढायची नाही. शुक्रवारी सकाळी चहाच्या टेबलावर तिने हे आईला सांगितलं, तेव्हा आईच्या हातातला फोन अखंड थरथरत होता. मत बाहेर पडून तास झाला होता.

"म्हणजे काय? आलीच नाही?"

"नाही आली. थांबवली आम्ही."

"पण वाचकांना आवडलीये गं!"

आणि खरंच आवडली होती. काहींना नव्हतीही. 'ड्रम्स जरा जास्त आहेत' असं एकाने लिहिलं होतं. 'हे खरं मेटल नव्हेच' असं दुसऱ्याने, 'पहिल्या रेकॉर्डची सर नाही' असं तिसऱ्याने. ही त्यांची पहिलीच रेकॉर्ड होती, हे लक्षात आणून देणाऱ्या भल्या माणसाला लोकांनी 'उशिरा आलेला श्रोता' म्हणून झोडपून काढलं. एका बाईंनी लिहिलं होतं, की पाचवं गाणं ऐकून त्यांना आपल्या वडिलांची आठवण येऊन रडू फुटलं. रेकॉर्डवर चारच गाणी होती.

मतप्रमुख धावतपळत संचालकांकडे गेली. "सर, मत मागे घ्यायला हवं. रेकॉर्डच नाही."

"मत मागे घेतलं तर आपण चुकलो असा अर्थ होईल," संचालक शांतपणे म्हणाले. "आपलं मत चूक आहे असं कुणी म्हटलंय का?"

"नाही. पण ते कशाबद्दल आहे?"

"बाई, तुम्ही थकल्या आहात. सोमवारी सुट्टी घ्या."

प्रतिस्पर्धी संस्थेला गप्प बसणं परवडणारं नव्हतं. तिने 'तळमजला'ला दोन तारे दिले आणि 'एवढा गाजावाजा कशासाठी?' असा सवाल केला. त्यामुळे गाजावाजा दुप्पट झाला. बिजागरीचं चित्र असलेले शर्ट निघाले. इमारतीतले, एरवी सराव सुरू झाला की पोलिसांची धमकी देणारे शेजारी लिफ्टमध्ये धडामला म्हणू लागले, "आमच्या ह्यांना तुमचं ते शेवटचं फार आवडतं हं." गावातल्या मोठ्या सभागृहाच्या मालकाने स्वतः फोन केला. एरवी तो अशा पथकांना फाटकाच्या आत घेत नसे. म्हणाला, "साडेचार तारे म्हणजे आमच्या नियमात बसतं. तारीख घ्या."

घरात हे सगळं एका माणसाला पटत नव्हतं. मतप्रमुखाच्या सासूबाई. त्यांचे कान आता अधू झाले होते. त्यांच्या तरुणपणी रेडिओवर फर्माईश लागायची, तेव्हा अख्खा शेजार त्यांच्या खोलीत येऊन बसे आणि गाणं संपेपर्यंत भांड्याचाही आवाज होऊ देत नसे. त्यातलं कुठलंच गाणं आता त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हतं. धडामचं पोहोचत होतं. त्या स्पीकरच्या लाकडावर हाताचा पंजा ठेवून बसत.

"कशी वाटली, आजी?" धडामने ओरडून विचारलं होतं.

"नाही आवडली."

"कुठलीच?"

"कुठलंच गाणं नाही. तिसऱ्यात तर तुम्ही दोघं भांडताय की काय असं वाटतं. उद्या परत लाव, बघते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत ऐकली. परत आवडली नाही. मग त्यांनी तिला सांगितलं, की आता आठवडाभराने ऐकीन, तोवर जरा विसरू दे. धडाम त्या दिवशी घरभर शीळ घालत हिंडत होती.

सभागृह खच्चून भरलं. मंचावर ड्रम्स मांडले होते, गिटारी तारा जुळवून उभ्या होत्या. पण एवढ्या गाजलेल्या रेकॉर्डबद्दल आधी चार शब्द व्हावेत असं आयोजकांना वाटलं. चार वक्त्यांनी ते चार शब्द बोलायला घेतले. एकाने बिजागरीचं तत्त्वज्ञान सांगितलं, दुसऱ्याने ते खोडून काढलं, तिसऱ्याने तळमजला ही एक मनोवस्था असल्याचं सिद्ध केलं. श्रोत्यांतून प्रश्न आले. धडाम ड्रम्समागे बसून होती. मध्येच तिच्या हातातली काठी निसटून झांजेच्या तबकडीवर पडली आणि झण्ण असा आवाज झाला, तेव्हा पहिल्या रांगेतल्यांनी तिच्याकडे बघून "श्श!" केलं. सभागृह रिकामं करायची वेळ झाली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. बाहेर पडताना लोक म्हणत होते, की प्रत्यक्ष अनुभव काही औरच.

मतप्रमुख पहिल्या रांगेतच बसली होती. "श्श" करणाऱ्यांत ती होती की नाही, ते तिलाही नक्की आठवत नव्हतं.

वर्षअखेर आली. वर्षातल्या सर्वोत्कृष्ट रेकॉर्डचा मान 'तळमजला'ला द्यायचं संस्थेने ठरवलं. नेमकं त्याच आठवड्यात तिसरं गाणं मनासारखं झालं. धडाम आणि गिटारवाला पुन्हा बोलू लागले. रेकॉर्ड तयार झाली. ती बाहेर काढायची म्हटल्यावर संचालक पेढीवरचा मोठा माणूस घरी यावा तसे घरी आले, सोफ्याच्या कडेवर बसले आणि धडामला म्हणाले, "बेटा, तुझ्या भल्याचं सांगतो. काढू नकोस."

"का?"

"हे बघ, मत पक्कं झालेलं आहे. लोकांचं प्रेम बसलेलं आहे. आता रेकॉर्ड मध्ये आली, तर मताला बाधा येईल. काही लोक ऐकतीलसुद्धा. मग ते म्हणणार, एवढं काही नाही. तुझं नाव जाईल, आमचंही जाईल. आणि मानाची अट अशी आहे, की निवड समितीतल्या कुणीही रेकॉर्ड ऐकलेली नसावी. तशी शपथ असते. तुझ्या आईने कालच घेतली."

धडामने आईकडे बघितलं. आई चहाचे कप गोळा करत होती.

संचालक गेल्यावर मुलगी आईच्या खोलीत आली. हातात तिचा स्वतःचा हेडफोन होता, कानावरचं कातडं झिजलेला.

"आई, मला मान नको, सभागृह नको. तू एकदा ऐक. फक्त तिसरं. तुला काढावीशी वाटली तर काढते. नाही वाटली तर राहू दे, त्या सरांचं ऐकते. तू म्हणशील तसं."

"अगं, शपथ घेतलीये मी."

"आजीने चार वेळा ऐकली."

"मग? काय म्हणाल्या?"

"नाही आवडली म्हणाली. चारही वेळा."

"आणि तुला चालतं ते?"

"हो. ती ऐकून म्हणाली."

जिन्यातल्या त्या संध्याकाळी, पेन्सिल, बहिणीचं डोकं आपल्या डोक्याला टेकलेलं, सगळं झरकन मतप्रमुखाच्या डोळ्यांपुढून गेलं. शपथ गेली खड्ड्यात, असं तिने मनाशी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं. तिने खुर्ची ओढली, हेडफोन कानांवर बसवला, डोळे मिटले. मुलगी शेजारी उकिडवी बसली. आईच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ ती वाचत होती. हळूहळू आईची मान डोलू लागली. ओठ थरथरले. मिटल्या पापणीतून एक थेंब गालावर आला.

"किती प्रामाणिक आहे गं," आई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "निर्दयी, तरीही अंतर्मुख. मला खरंच भरून आलं."

मुलगी उठून उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "मी अजून लावलंच नाहीये."

तिने हेडफोन आईच्या कानांवरून अलगद काढून घेतला, वायर गुंडाळली आणि दार हळूच लोटून घेतलं. मान ठरल्याप्रमाणे देण्यात आला. 'तळमजला' बाहेर आली नाही, आणि त्या खोलीत, त्या दिवशी, ती ऐकली गेली नाही.

ही हकीकत जिथे जिथे सांगितली जाते, तिथे ऐकणारे हळहळतात. एवढी चांगली रेकॉर्ड हकनाक वाया गेली म्हणतात. तुम्हीही एव्हाना मनातल्या मनात तेच म्हणाला असाल. ती ऐकलेलं पथकाबाहेरचं एकच माणूस या गोष्टीत आहे, आणि त्या आजींना ती चारही वेळा आवडलेली नाही. तुम्हाला कशावरून आवडली?