सासुरवाडीहून परत

रजेवरून कामावर परत कसं यावं ते माझ्याकडून शिकावं, असं मी छप्पन सालच्या मे महिन्यापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. जरा लवकर पोचायचं, चेहरा उतरलेला ठेवायचा आणि 'काय सांगू, रजेत फार हाल झाले' असं आपणच आधी म्हणून टाकायचं. मग निदान पहिला दिवस तरी माणसं दयेपोटी काम सांगत नाहीत.

त्या बेतानं मी फोर्टातल्या आमच्या विमा कंपनीत शिरलो, तर सगळं खातं उठून उभं राहिलं. मागून साहेब येत असतील म्हणून मीही अदबीनं बाजूला झालो. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या गंगाधरनं माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

"किती वाळलास रे रमाकांत," तो म्हणाला. "फार हाल झाले?"

हे माझ्या बेताला इतकं सोयीचं होतं, की हार कशाला ते मी विचारलंच नाही.

"काय सांगू," मी म्हणालो. "एका खोलीत दहा जण. रात्रभर ढेकूण."

"काम करून घ्यायचे?"

"घ्यायचे म्हणजे? पहाटे उठून विहिरीचं पाणी शेंदायचं. सासरा म्हणजे नुसता जमदग्नी."

"सासरा," गंगाधर सगळ्यांकडे वळून म्हणाला. "अशातही याची थट्टा सुटली नाही बघा."

"पण निघताना म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. आंब्याची पेटी दिली बरोबर."

"जेलरला जिंकलंस तू," गंगाधर म्हणाला आणि माझ्या गळ्यातला हार सारखा केला.

जेलर कोण, हे विचारणार तोच आमचे हेडक्लार्क चिंतामणराव कोठारे भरलेला कप घेऊन पुढे आले. चहाशिवाय सही न करणारा हा माणूस. "ताम्हाणे, तुम्ही सुटेपर्यंत चहा सोडला होता मी," ते म्हणाले. "आज तुमच्यासमोर घेतो."

"सुटेपर्यंत? कुठून?"

"तुरुंगातून."

तेव्हा कुठे मला तो दिवस आठवला. खांद्यावर वळकटी टाकून मी भाऊच्या धक्क्याकडे निघालो होतो. रस्त्यानं संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता. त्या गर्दीतून गंगाधर ओरडला होता, "कुठे निघालास?" आणि मी ओरडून सांगितलं होतं, "सासुरवाडीला." मुंबईत तुरुंगालाही सासुरवाडी म्हणतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात कुठून येणार? मी आपला खऱ्या सासुरवाडीला, नागोठण्याला चाललो होतो. त्यानं तिथूनच मला नमस्कार केला, तेव्हा मला वाटलं, अविवाहित माणूस आहे, भारावला असेल.

एवढ्यात मॅनेजर सेठनासाहेबांचं बोलावणं आलं.

"घाबरू नकोस," गंगाधर म्हणाला. "तुला काढलं तर आम्ही सगळे बाहेर. तुझ्यासाठी अर्धा दिवस पेन खाली ठेवून बसलो होतो आम्ही."

सेठनासाहेब पारशी, पण मराठी झकास बोलायचे. "ताम्हाणे, मी तुला सासऱ्याच्या घरी जायला रजा दिली," ते म्हणाले. "हे लोक बोलतात तू जेलमध्ये होता. जेलमध्ये होता तर तुला काढायला लागेल, तसा वरून हुकूम आहे. सासरी होता तर बाहेर जाऊन सांग."

बाहेर येऊन मी घसा खाकरला. "मी कुठल्याही तुरुंगात नव्हतो. सासऱ्यांकडे आंबे खात होतो."

गंगाधर म्हणाला, "बघितलंत? दोन मिनिटांत काय वदवून घेतलं त्यांनी याच्याकडून." धडाधड खुर्च्या मागे सरकल्या. माणसं दाराकडे निघाली. मी आडवा आलो.

"अरे, खरंच सांगतोय. कालिंदीची शपथ."

कालिंदी ही माझी बायको. बायकोची शपथ ऐकल्यावर मात्र सगळे थबकले. चिंतामणरावांनी ओठापर्यंत नेलेला कप न पिताच खाली ठेवला.

"काळाचौकीला माझा भाचा असतो," ते हळूच म्हणाले. "जानेवारीतल्या गोळीबारात त्याच्या मांडीत गोळी लागली. अजून धड चालत नाही. आमच्याही ऑफिसातला एक जण आत गेलाय, असं सांगून आलो होतो त्याला."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. माझं तोंड डोक्याला न विचारता बोलून गेलं, "येत्या रविवारी सत्याग्रहींची तुकडी निघतेय ना? मी जातो." हे वाक्य मीच बोललो यावर माझाच विश्वास बसेना. सेठनासाहेब दारातून ऐकत होते. त्यांनी फक्त कपाळाला हात लावला.

रविवारी कालिंदीनं ओवाळलं. "नोकरी गेली तर बाबांकडे जाऊन राहू," असा धीरही दिला. पहाटेचं ते पाणी शेंदणं आठवलं, तरी गेलो. जमावबंदी मोडून आम्ही रस्त्यात बसकण मारली आणि पोलिस एकेकाला उचलून लॉरीत चढवू लागले. शेवटी मी एकटाच उरलो. कुणी उचलेना, म्हणून स्वतःच उठून लॉरीपाशी गेलो आणि एक पाय वर टाकला.

हवालदारानं तो अलगद खाली ठेवला. "गाडी भरली," तो म्हणाला. "उद्या या."

"उद्या ऑफिस आहे हो माझं."

"मग पुढच्या रविवारी बघा," असं म्हणून त्यानं फळी लावून घेतली आणि लॉरी निघून गेली.

समोरच्या फुटपाथवर आमचं सगळं खातं उभं होतं. माझ्या नावाचा जयजयकार करायला उघडलेली तोंडं तशीच उघडी राहिली होती.