भरली की सुटते

प्रवाशांच्या मोजणीत माझा हात धरणारा आमच्या परिवहन कार्यालयात कोणी नाही! म्हणून तर टेकडीवरच्या व्हॅनचं काम साहेबांनी मला दिलं. बस टेकडीच्या पायथ्याशी थांबते आणि वरच्या वस्तीत बिनपरवाना व्हॅन जातात. त्यांना परवाना द्यायचा की त्या बंद करायच्या, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं.

सकाळी नऊला मी फाईल घेऊन पहिल्या व्हॅनमध्ये बसलो. माझं काम ऐकून व्हॅनवाल्या ताईंचा चेहरा पडला.

"बंद नका करू हो साहेब! म्हाताऱ्या माणसांनी एवढा चढ चढायचा कसा?"

"तेच बघायला आलोय. निघा!"

"भरली की सुटते."

इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस बसलाय म्हणजे गाडी सुटणारच, असं लोकांना वाटलं. "निघतेय ना?" असं जो तो मलाच विचारी. मीही ऐटीत म्हणे, "निघतेयच, या!" दहा मिनिटांत गाडी गच्च!

"साहेब, एक आजोबा राहिलेत," ताई म्हणाल्या. "तुम्ही मागच्या गाडीत बसता?"

आजोबांना नाही कसं म्हणणार? मागच्या गाडीत बसलो. तीही भरली, तिथे एक गरोदर बाई आली. दुपारपर्यंत मी सात व्हॅन भरून दिल्या आणि होतो तिथेच होतो! गिऱ्हाईक ओढायला घरचाच माणूस आत बसवून ठेवायची या व्हॅनवाल्यांची जुनी रीत. आता ते माझ्यावरून भांडू लागले.

"तू तुझा मेव्हणा बसव! साहेब आमचे!"

एवढ्यात खुद्द आमचे साहेब आले आणि त्यांनी खिडकीतून डोकं आत घातलं.

"काय हो, अहवाल कुठवर—"

"आधी बसा साहेब, एकच सीट राहिलीय!" सवयीने तोंडातून निघून गेलं.

साहेब चढले. ती सीट माझीच होती!

दीड तासाने साहेब गुडघे चोळत परतले. वरची व्हॅन भरेना म्हणून सुटेना, शेवटी अख्खा उतार पायी उतरले होते. मी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं.

"परवाना द्या!" साहेब गरजले. "आणि भरो न भरो, बसच्या वेळेला जोडून दर पंधरा मिनिटांनी गाडी सुटलीच पाहिजे! लिहा!"

मी लिहिलं. ताईंनी डोळे पुसले, आणि खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं.

नवा नियम लागू झाला त्या दिवशी मी मुद्दाम टेकडीवर जायला निघालो. पोचायला दोन मिनिटं उशीर झाला. पाच सीटा रिकाम्या घेऊन ताईंची व्हॅन चढाला लागली होती! मागे धावत ओरडणार होतो, पण थांब्यावर नियमाचा कागद चिकटवला होता आणि त्याखाली सही माझीच होती.