कुंकू लावलेला सुपरचार्जर

या, असे पुढं सरका. मागं बसलं की अर्धी गोष्ट खांबच ऐकतो. आज तुम्हाला राजूरच्या एका गाडीची कथा सांगतो. तुमच्याकडं एक मागणंही आहे, पण ते सगळ्यात शेवटी.

अठ्ठ्याण्णव सालचा श्रावण. राजूरचा प्रवीण संगमनेरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि रोज जाऊन-येऊन करायचा, तेही स्पोर्ट्स कारनं! लाल रंगाची, दोनच माणसांची, फायबरच्या अंगाची ती जुनी गाडी त्यानं पुण्याहून हौसेनं आणली होती. इतकी हलकी, की चिखलात रुतली तर चौघं जण उचलून बाजूला ठेवत. सपाटीला ती पाखरासारखी जाई. पण संध्याकाळी परतताना राजूरचा घाट लागला की तिला धाप लागे, आणि नेमका तेव्हाच मागून छगनचा दुधाचा टेम्पो रिकामे कॅन वाजवत येई.

“मास्तर, दोरी लावू का?” छगन ओरडे आणि पुढं निघून जाई. टेम्पोत मागं प्रवीणचेच विद्यार्थी बसलेले असत. ते मोठ्या अदबीनं सरांना नमस्कार करत. तो नमस्कार त्याला दोरीपेक्षा जास्त झोंबे.

शेवटी त्यानं ठरवलं, गाडीला सुपरचार्जर बसवायचा आणि एकदा तरी छगनला घाटात मागं टाकायचं. पण कुठला बसवायचा? पुण्यात त्याचा मित्र भीमराज गॅरेज चालवायचा. तो म्हणाला, “दोन्ही किट घेऊन जा. घरी नीट बघ. एक ठेव, दुसरं रविवारी येऊन मी परत नेतो.” कापडवाले लग्नाच्या साड्या पसंतीला घरी देतात, तसे ते दोन सुपरचार्जर राजूरच्या ओसरीवर येऊन बसले. एक लहान, पाटावर मावेल एवढा. दुसरा थेट मृदंगाएवढा, चकचकीत.

“ह्ये करतं तरी काय?” प्रवीणच्या आईनं, केशरबाईंनी विचारलं.

“इंजिनात जोरानं हवा कोंबतं, आई. हवा जास्त मिळाली की पेट्रोल भडकून पेटतं.”

“मंग फुंकनी म्हन की! येवढं विंग्रजी कशापायी?”

वडील आप्पासाहेब बैल बघावा तसे दोन्हींभोवती फिरले. “ल्हाना घी,” ते म्हणाले. “तुज्या गाडीचं इंजिन केवढं आन ह्यो दांडगा केवढा! शेळीवर हौदा ठिवतो व्हय? आन बसवनार कुटं?”

“बॉनेटला भोक पाडायचं. हा वर थोडा दिसेल.”

“आन पाऊस?”

 प्रवीणचं भौतिकशास्त्र लहानाच्या बाजूनं होतं, पण छगनची दोरी आठवली की मन मोठ्याकडं ओढ घेई. शनिवारी रात्री त्यानं जाहीर करून टाकलं, “मोठाच ठेवतो.”

रविवारी सकाळी उठून बघतो तर दोघांनाही हळद-कुंकू! दोघांवर तांदूळ, दोघांपुढं निरांजन.

“आई! अगं, यातला एक परत द्यायचाय!”

“येकालाच कुकू लावू व्हय? दोन पाव्हने दारात आल्यात. येकाला ववाळायचं आन दुसऱ्यानं तोंड बघत बसायचं? आपल्या घराला ते शोभत न्हाई.”

“पण भीमराज आता घेईल का परत?”

“ववाळल्यालं मी बी परत धाडत न्हाई,” केशरबाईंनी निकाल दिला.

प्रवीण डोकं धरून भीमराजला आणायला संगमनेरच्या स्टँडवर गेला.

त्या दिवशी गावात हरिनामाचा सप्ता उठणार होता, म्हणजे शेवटचा, गावजेवणाचा दिवस. देवळात काल्याचं कीर्तन रंगलं होतं, आणि देवळामागं आचारी रडकुंडीला आला होता. रात्रभर झड लागलेली, लाकडं ओली. चुलाणातून धूरच धूर, कढईतली लापशी नुसती कोमट. बुवांना निरोप गेला, “महाराज, अजून थोडं वाढवा.” बुवांनी कृष्णाकडून तिसऱ्यांदा दही चोरवलं, तरी आमटीला आधण येईना. गावोगावची माणसं जेवायची थांबलेली. सप्ता उपाशी उठला तर गावाची मान खाली.

केशरबाई डोळे पुसत चुलाणापाशी उभ्या होत्या. एकदम म्हणाल्या, “छगन, आमच्या वसरीवं मोटी फुंकनी हाय. उचल.”

“मास्तरची? मावशे, ते लई चिडतील!”

“मास्तरला मी जलम दिलाय. उचल!”

छगननं विहिरीवरचं डिझेल इंजिन आणलं, पट्टा चढवला, पाइपाचं तोंड चुलाणात घातलं. इंजिन सुरू झालं, दांडग्यानं घूंऽऽ करून श्वास घेतला आणि ओली लाकडं ज्वाळांनी नाचू लागली. बुवांच्या चौथ्या दहीचोरीआधी आमटी उकळली.

प्रवीण आणि भीमराज पोचले तेव्हा पंगती बसल्या होत्या, आणि सुपरचार्जरच्या गळ्यात झेंडूचा हार होता.

“माझा मोठा!” प्रवीण किंचाळला.

भीमराजनं आधी सुपरचार्जर पाहिला, मग पान पाहिलं. दोन वाट्या लापशी झाल्यावर तो बोलला. “परव्या, खरं सांगू? हा तुझ्या इंजिनाला झेपलाच नसता. चार वेळा सांगितलं, तू ऐकेनास. म्हटलं, घरचे तरी अक्कल देतील.”

“मी दिल्ती की,” आप्पासाहेब शेजारच्या पानावरून म्हणाले.

“मावशी, हा आता इथंच राहू द्या,” भीमराज म्हणाला. “माझ्याकडून सप्त्याला. एवढ्या मानानं त्याला कुणी वागवणार नाही.”

उरला लहान. तो भीमराजनं मुक्काम करून बसवून दिला. बॉनेट कापावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाटात नेहमीप्रमाणे मागून कॅन वाजले. प्रवीणनं पाय दाबला. लाल गाडीनं खालूनच अशी ओढ घेतली, की छगनचं ‘दोरी’ तोंडातच राहिलं. वळणामागून वळण मागं पडलं. टेम्पोतले विद्यार्थी उभे राहून आपल्याच वाहनाविरुद्ध टाळ्या पिटू लागले.

माथ्यावर प्रवीण गाडी लावून थांबला. बऱ्याच वेळानं छगन आला, खाली उतरला, बॉनेटवर हात फिरवून म्हणाला, “मास्तर, चूक माजीच. कालच्याला मोट्याच्या ऐवजी ह्यो ल्हाना उचलाया पायजेल हुता!”

 प्रवीणनं डिकी उघडली आणि छगनच्या हातात नवी कोरी दोरी ठेवली.

केशरबाई आता नाहीत. दांडगा मात्र आहे. दर सप्त्याला त्याला पहिलं कुंकू लागतं. तर माझं मागणं एवढंच, कधी राजूरला काल्याच्या पंगतीत बसलात आणि लापशी गरम लागली, तर पहिला घास हातात धरून त्या माउलीची आठवण काढा. दारात आलेल्या लोखंडालाही तिनं पाहुणा म्हटलं होतं.